मामींचे माहेर

फेब्रुवारीची २७ तारीख म्हणजे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची दिवाळी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन! वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही अशा आम्हां मंडळींना त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि ध्वनिक्षेपक ही तिन्ही एकदम लाभतात. गेली पंधरा वर्षे मी त्या दिवशी कुठे ना कुठे भाषेची महती सांगत आलो आहे. या वर्षी मात्र ऐन मुहूर्तावर रजा काढली आणि आदल्या रात्री पुण्याहून धुळ्याची गाडी पकडली.

कारणही तसेच होते. नरडाण्याच्या मामा-मामींना पुण्याला घेऊन येण्याची कामगिरी घरच्या मंडळींनी एकमताने माझ्यावर सोपवली होती. मामांचे वय ७६, मामींचे ७१. मामांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्या डोळ्याला अंधुक दिसते. मामी मागच्या वर्षी पाय घसरून पडल्या, तेव्हापासून गुडघा धरून बसतो. मुलगा पुण्यात, घर प्रशस्त, लिफ्ट आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. पण दोघे यायचे नाव काढीत नाहीत. "तू बोलण्याचाच पगार घेतोस, तेव्हा तूच बोल," असे मामेभावाने सांगितले. यावर काय बोलणार? निघालो.

धुळे सोडले की आग्रा रस्त्याला सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. टेकडीवरचा लहानसा किल्ला गाडीतूनच दिसतो. पुढे थोड्याच वेळात नरडाणा. आता तेथे औद्योगिक वसाहत झाली आहे, मालमोटारींची रीघ असते. माझे नरडाणा निराळे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापीकाठच्या रेल्वेवरचे ते एक मध्यम स्टेशन, आणि त्या स्टेशनचे मास्तर आमचे मामा. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भाचे मंडळी तेथे उतरायचो तेव्हा बाहेर बाभळीसुद्धा वाळलेल्या असत, आणि फलाटावर मात्र बोगनवेल फुललेली असे. चुन्याने रंगवलेल्या दगडांची गोल आळी, त्यांत झेंडू, सदाफुली, गुलबाक्षी. गाडी दोन मिनिटे थांबे. तेवढ्यात एखादी बाई खिडकीतून हात काढून म्हणायची, "मास्तर, एक फूल द्या हो!" मामा हिरवे निशाण काखेत मारून फूल तोडून देत, आणि मग गाडी सोडत. त्यांच्या सबंध नोकरीत बदलीच्या प्रत्येक स्टेशनावर अशी एकेक बाग मागे राहिली. "बदली झाली की बाग बरोबर नेता येत नाही, हेच या नोकरीचं दुःख," एवढी एकच तक्रार मी त्यांच्या तोंडून ऐकली आहे.

घराला कुलूप. शेजारच्या आजीबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्या ते थायनेरले ग्यात!" अहिराणीत ळचा य होतो, थायनेर म्हणजे थाळनेर. दिवाळी झाली की दोघे जातात आणि आखाजीला परत येतात, हे त्यांनी हसत हसत सांगितले. हसण्याचे कारण खानदेशी माणसाला सांगावे लागत नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सणाला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या मामी आखाजीला माहेराहून सासरी परत येतात, आणि जाताना नवऱ्यालाही माहेरी घेऊन जातात!

थाळनेर हे मामींचे माहेर. दोघे अधूनमधून तिकडे जातात हे मला ठाऊक होते. पण सबंध हिवाळा मुक्काम टाकतात हे मात्र नव्हते. शिरपूरची एस.टी. धरली. सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडली. शिरपूरला गाडी बदलून दादरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतांतून थाळनेरला पोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. मामींच्या भावाच्या घरी पिशवी टेकली, तर तेथेही दोघे नाहीत. "थडग्यांकडे असतील," असे भावजयींनी अगदी 'देवळात असतील' या सुरात सांगितले.

वाचकहो, थाळनेरचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले नसेल. त्याचे काही वाईट वाटून घेऊ नका. खानदेशातही ते पुष्कळांना पाठ नाही. पण एके काळी सबंध खानदेशचा कारभार या तापीकाठावरून चाले. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. त्याने येथे ठाणे केले आणि दिल्लीची पकड सुटताच स्वतंत्र झाला. १३९९ मध्ये तो वारला. मरताना त्याने थोरल्या नसीरला लळिंग आणि धाकट्याला थाळनेर दिले. वाटणी झाली की भांडण आलेच! १४१७ मध्ये नसीरने माळव्याच्या मदतीने भावाकडून थाळनेर हिसकावले. त्याच नसीरने असीरगड घेतला आणि तापीवरच वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर वसवले. हळूहळू राजधानी तिकडे गेली. दरबार गेला, बाजार गेला, विणकर गेले. मात्र राजे मेले की त्यांना पुरायला थाळनेरलाच आणीत. १४३७ मध्ये नसीर आला, १४४१ मध्ये त्याचा मुलगा आदिल, १४५७ मध्ये नातू मुबारक. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकींचे राज्य संपले. येथे राहिली ती दहाएक थडगी. काळ्या दगडाची, घुमटांची. त्यांतले एक अष्टकोनी असून त्याच्या भिंती बाहेरून अशा कोरल्या आहेत की हा दगड आहे याचाच विसर पडावा.

त्या अष्टकोनी थडग्याच्या अलीकडे, हद्दीबाहेरच्या वाटेवर, मला आमचे मामा दिसले. डोक्याला पंचा, हातात टमरेल. पाच-सहा कडुनिंबांच्या बुंध्यांभोवती पांढरेशुभ्र चुन्याचे दगड! मी लांबूनच ओळखले. नरडाण्याचा फलाट थाळनेरला आला होता.

"या, भाचेबुवा! गाडी लेट?" मामांनी विचारले. मी येणार हे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. पण स्टेशनमास्तराला कोणत्याही गाडीचे आश्चर्य वाटत नाही.

मामी थोड्या पलीकडे बसल्या होत्या. एक पाय लांब पसरून, खुरप्याने गवत काढत.

मी विचारले, "मामा, हे काय चाललंय?"

"पाणी," मामा म्हणाले. त्यांच्या मते उत्तर पूर्ण झाले होते.

हळूहळू सारे उमगले. सहा वर्षांपूर्वी दोघे भाच्याच्या लग्नाला येथे आले होते. लहानपणी ज्या निंबाखाली मामी सागरगोटे खेळल्या तो वाळलेला पाहिला. मामींनी तेव्हा फक्त एवढेच म्हटले, की याला कोणी पाणी घातलं असतं तर! मामांनी दुसऱ्या दिवशी घागर उचलली. तो निंब काही वाचला नाही, पण त्याच्या शेजारी लावलेला वाचला. मग दुसरा, तिसरा. आता निंब, दोन पांढरे चाफे, कण्हेरीची एक रांग आणि मामींच्या भावाच्या खळ्याच्या कुंपणाशी फुलझाडे असा संसार वाढला आहे. दिवाळीनंतर पावसाचा ओलावा सरतो तेव्हा दोघे येतात, आणि आखाजीला मामींचा भाचा सुटीवर घरी आला की त्याच्या हाती टमरेल देऊन जातात.

या कामाला नियम आहेत, आणि नियम हे मामांचे जन्माचे सोबती. वास्तू सरकारी संरक्षणातली. तिच्या हद्दीत परवानगीवाचून खणता येत नाही. म्हणून जे लावायचे ते बाहेर. आत फक्त झाडू, आणि हाताने निघेल तेवढे गवत, तेही राखणदाराला विचारून. घुमटाच्या सांध्यात पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो; दोन पानांचा असताना तो गोजिरवाणा दिसतो, आणि वीस वर्षांत दगड फोडतो. असे रोप दिसले की मामा स्वतः उपटत नाहीत. राखणदाराला दाखवतात. "सिग्नल आपल्या हातात नसला तरी धोका दिसला की कळवायचा," हे त्यांचे सूत्र.

निंबाला पाणी द्यायची तऱ्हा तर शिकण्याजोगी. प्रत्येक रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरलेले. त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात सुताची वात. मडके भरले की चार-पाच दिवस मुळाशी ओल झिरपत राहते; वर ओतलेले पाणी खानदेशच्या उन्हात पाहता पाहता उडून जाते. कण्हेर का, तर तिला शेळी तोंड लावत नाही. आणि शेळ्यांपुढे, मामींच्या मते, फारुकींचीही मात्रा चालली नसती.

दुपारी निंबाखालीच शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा. जेवता जेवता मामा म्हणाले, "आज तारीख २७ ना? आजच्या दिवशी इथे काय झालं, ठाऊक आहे?" मी मनात म्हटले, आता मामांनाही भाषा दिनावर बोलायचे आहे. पण त्यांनी बोट दाखवले ते नदीकाठच्या किल्ल्याकडे. किल्ला म्हणजे आता तापीच्या उंच दरडीवर उरलेले बुरुज आणि भिंतींचे तुकडे.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात त्यांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांना दिला. त्यात थाळनेरही आले. २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यापुढे उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा. प्रथम त्याने तोफा डागल्या, पण मग तो बाहेर येऊन स्वाधीन झाला. इंग्रज एकेक दरवाजा ओलांडत आत गेले. शेवटच्या दाराशी अरब शिबंदी होती. तेथे बोलणी सुरू झाली. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना, अटी काय हे कोणाला नीट उमगेना. दिंडी उघडली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर आत शिरले, आणि क्षणात झटापट होऊन दोघेही मारले गेले. मग बाहेरची फौज घुसली. जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली. स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले. या फाशीवर पुढे ब्रिटिश पार्लमेंटातही प्रश्न उठले. पण फाशी गेलेला माणूस प्रश्नांनी परत येत नाही.

मी गप्प झालो. पंधरा वर्षे याच तारखेला मी भाषेवर बोलत आलो होतो. भाषेने माणसे जोडली जातात, हे वाक्य माझ्या प्रत्येक भाषणात असते. ती न जुळल्याने एका दारात काय झाले, हे मला एका निवृत्त स्टेशनमास्तराने भाकरीचा तुकडा हातात धरून सांगितले.

विषय बदलावा म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आठवून सांगितले. ती अमेरिकेत इलिनॉय राज्यात असते. तेथे मिसिसिपीच्या काठी नॉवू नावाचे गाव आहे. मॉर्मन पंथाच्या लोकांनी ते १८३९ पासून वसवले. १८४४ मध्ये त्यांच्या संस्थापकाचा, जोसेफ स्मिथचा, जमावाने खून केला आणि १८४६ मध्ये बहुतेकांना गाव सोडून पश्चिमेकडे जावे लागले. आता ते गाव जुन्या रूपात जपले आहे. पंथातली निवृत्त जोडपी तेथे काही महिने, कधी दीड वर्षसुद्धा, स्वखर्चाने जाऊन राहतात. कोणी पाहुण्यांना घरे दाखवतात, कोणी नुसती फुलझाडे सांभाळतात. त्यांनाही मिशनरीच म्हणतात. "मामा, तुम्ही दोघे तसलेच," मी म्हणालो.

मामांनी विचार केला. "त्यांना नळाचं पाणी असेल," ते म्हणाले.

मामी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "ते त्यांच्या माणसांच्या गावी जातात. आपले कोण इथे पुरलेत?"

हा प्रश्न त्यांना इतरांनीही विचारला आहे. सुरुवातीला गावातले एक-दोघे म्हणालेच, की देवळाची बाग करा, पुण्य लागेल; या सुलतानांच्या थडग्यांना पाणी घालून काय मिळवायचे? मामांचे उत्तर ठरलेले: "फलाटावर आलेल्याला तिकीट विचारायचं असतं, जात नाही." मामींचे उत्तर अधिक सरळ: "मी पाणी झाडाला घालते, राजाला नाही." पण मला वाटते, खरे उत्तर त्यांच्या कुंपणाशी होते. तेथे तुळशीच्या शेजारी सब्जाची रोपे होती. सब्जा मुसलमान मंडळी कबरीवर वाहतात. त्याचे बी मामींना त्यांच्या बालपणीच्या शेजारणीने दिले. दोघी एकाच आळीत वाढल्या, त्याच निंबाखाली सागरगोटे खेळल्या. त्या बाईंना आता चालवत नाही. म्हणून गुरुवारी मामी सब्जाची चार टोके खुडून त्यांच्या नातीच्या हाती देतात आणि नात ती थडग्यांपाशी ठेवून येते. पान चुरगळून मी वास घेतला. तुळशीच्याच कुळातले झाड ते; वास थोडा गोडसर, एवढेच.

आम्ही बोलत असताना एक लहान मुलगा शेळ्या घेऊन आला. नवा असावा. रांगेतल्या कण्हेरीकडे पाहून त्याने मामींना विचारले, "आजी, हाई कोन्हं शे?" हे कोणाचे आहे?

मामी खुरपे न थांबवता म्हणाल्या, "आपलंच शे. शेया तिकडे ने."

रात्री ओसरीवर अंथरुणे घातली. मी मनातल्या मनात भाषणाची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात मामींनीच तोंड फोडले. "बापू, तुला पोरानं पाठवलं ना?"

मी होय म्हणालो. मग सगळे सांगितले. लिफ्ट, डॉक्टर, नातवंडे. बोलताना मला माझाच आवाज शाल-श्रीफळासारखा वाटू लागला.

मामी म्हणाल्या, "त्याचं काही चुकत नाही. पडले तेव्हा तो रात्रभर गाडी चालवत आला. तो काळजीनं झोपत नाही, ते मला दिसतं. पण पुण्यात मी काय करू? तिथे सगळं आहे. माझ्यावाचून काही अडत नाही."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग अंधारातून त्यांचा आवाज आला. "डावा डोळा आता जवळजवळ गेला, भाचेबुवा. हिला सांगितलं नाही. मडकं भरलं की नाही ते मी बोट घालून बघतो."

"मला ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. "तुम्ही भरलेल्या मडक्यात दोनदा ओतता."

यावर दोघेही हसले. मला हसता आले नाही. मी ज्या कामाला आलो होतो त्याचे सगळे मुद्दे बरोबर होते, आणि तरीही मी हरलो होतो. आणि हरल्याचे समाधानही वाटत नव्हते, कारण मामांचा डोळा काही माझ्या हरण्याने सुधारणार नव्हता.

अखेर पहाटे तह झाला. अटी मी दोनदा वाचून दाखवल्या. थाळनेरात तेवढी काळजी घेतलेली बरी. आखाजीपर्यंत दोघांनी येथे राहावे. नंतर पावसाळाभर पुण्याला. डोळा दाखवायचा, गुडघा दाखवायचा, डॉक्टर म्हणेल ते मुकाट्याने करायचे. डॉक्टरने हो म्हटले तर दिवाळीनंतर पुन्हा थाळनेर; पण घागर मामांनी उचलायची नाही. घागरीला शेजारणीची नात आणि मामींचा भाचा. मामांनी फक्त देखरेख करायची. "म्हणजे पुन्हा स्टेशनमास्तर!" मामा म्हणाले, आणि त्यांनी सही केल्यासारखा हात हवेत फिरवला.

सकाळी निघण्यापूर्वी मी सगळी मडकी भरली. अकरा होती. शेवटच्या मडक्यापर्यंत माझे खांदे भरून आले, आणि गेल्या सहा हिवाळ्यांचा हिशेब माझ्या ध्यानात आला.

मे महिन्यात दोघे पुण्याला आले. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. थोडे दिसू लागले, पुरते नाही. आठ दिवसांत मामांनी इमारतीखालच्या कुंड्यांना चुना फासला आणि रखवालदाराला पाण्याच्या वेळा ठरवून दिल्या. जुलैत एके दिवशी मामींच्या भाच्याचा दूरध्वनी आला. पाऊस चांगला झाला होता. निंब पालवले होते, एक चाफा मात्र शेळ्यांनी मोडला होता. सब्जाचे बी मात्र पडल्या जागी आपोआप उगवले होते. मामींनी दोनदा विचारले, "नीट पाहिलंस ना? सब्जाच आहे ना?"

डॉक्टरांनी गुडघ्यासाठी काठी सांगितली आहे आणि थाळनेरला जायला हो म्हटले आहे. मामेभावाने अजून म्हटलेले नाही. पण परवा त्याच्याकडे गेलो तर दारामागे दोन पिशव्या भरून ठेवलेल्या दिसल्या. मुलगा त्यांकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो. मला त्यांनी नाताळच्या सुटीत बोलावले आहे. चुन्याचे काम बाकी आहे म्हणतात.